वन्यप्राण्यांसाठी शिवलेली पिशवी आतून उसवते, दशा सुटतात: काय, कोणत्या क्रमाने तपासायचं

सर्पमित्रांच्या पिशव्या, झाडावरून पडलेल्या पिलांची कापडी घरटी, खारीच्या पिलांच्या थैल्या, मांज्याने कापलेल्या पक्ष्याला गुंडाळायची फडकी. मी एवढंच शिवते. दुरुस्तीला परत येणाऱ्या मालात मात्र दोष बहुतेक वेळा एकच असतो: बाहेरून पिशवी धडधाकट आणि आतून दोरे सुटलेले. "ताई, धुतली आणि पुन्हा उसवली," हे वाक्य आता पाठ झालंय.

माणसाच्या कपड्यात आतून चार दशा लोंबल्या तर काही बिघडत नाही. पिंगळ्याच्या पिलाच्या बोटाभोवती तीच दशी दोन वेढे घेऊन बसली की पिलू पाय ओढतं आणि वेढा आवळतो. बोट सुजतं, मग तो आणखी रुततो. पुढे रक्त जात नाही आणि बोट काळं पडतं. धागा इतका आत जातो की वरून नुसती एक रेघ दिसते. म्हणून या कामात पिशवीची आतली बाजू हीच खरी बाजू धरायची.

लक्षणं

दोन-तीन धुण्यांनंतर आतून पांढरी लव आणि दशा दिसायला लागतात. शिवण ताणली की टाक्यांच्या मधून उजेड दिसतो. खालच्या बाजूला दोऱ्याचे झोल राहतात, त्यात करंगळीचं नख सहज अडकतं. होजिअरीच्या, म्हणजे टी-शर्टच्या कापडावर मध्येच टाके सुटतात आणि ताण आला की शिवण "टक्" करून तुटते. नवी पिशवी पहिल्या धुण्यातच आक्रसते, शिवणीपाशी चुण्या पडतात. पिलू एकाच जागी पाय झटकत राहतं किंवा वटवाघळाचं अंगठ्याचं नख कापडातून निघत नाही, हे लक्षण सगळ्यांत शेवटी दिसतं आणि तोवर उशीर झालेला असतो.

फुकटातली तपासणी

पिशवी उलटी करा. कापसाचा कोरडा बोळा घेऊन आतल्या सगळ्या शिवणींवरून आणि तळावरून हलक्या हाताने फिरवा. जिथे कापसाचे तंतू मागे राहतील तिथे काहीतरी वर आलेलं आहे: झोल, दशी, गाठ किंवा दोऱ्याचं कापलेलं टोक. डोळ्यांना न दिसणारंही यात सापडतं. मग पिशवी खिडकीसमोर धरा आणि शिवण दोन्ही हातांनी आडवी ताणा. टाके चकाकताना दिसले आणि मधून उजेड आला तर शिवण सैल आहे. मण्यारीचं किंवा फुरशाचं पिलू किती बारीक असतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ही फट किती महाग पडू शकते ते सांगायला नको.

कुठे दोष आहे ते कळल्यावरच पुढे जा. दोष फक्त शिवणीवर असेल तर दोरा, सुई आणि मशीन बघायचं. पूर्ण कापडावर असेल तर मशीनला हात लावू नका, दोष कापडात आहे.

कापड

सोलापुरात या कामासाठी सगळ्यांत आधी हाताला येतो तो टॉवेल. आपल्या टेरी टॉवेलला आणि चादरीला भौगोलिक मानांकन आहे, कारखान्यातला सेकंड माल स्वस्त मिळतो आणि लोक आपुलकीने गठ्ठेच्या गठ्ठे आणून देतात. मऊ, पाणी पिणारा, उबदार. पण पिलाच्या अंगाला लागणारा थर म्हणून टॉवेल नको. टॉवेल विणताना उभ्या धाग्यांचे दोन संच असतात. एक ताणून धरलेला, तो कापडाचा पाया. दुसरा सैल सोडलेला, त्याचेच वर फुगे उठतात. फुग्याचा धागा खालच्या कापडात नुसता रोवलेला असतो, बांधलेला नसतो. त्यामुळे नख अडकलं आणि पिलाने पाय ओढला की शेजारचे फुगे आत जातात आणि अडकलेला फुगा लांब होत जातो. असा लांबलेला फुगा पायाभोवती फिरायला फार वेळ लागत नाही. शिवण कितीही चांगली घातली तरी हा दोष जात नाही, म्हणून टॉवेलच्या पिशवीवर दुरुस्तीची मेहनत घेऊ नका. टॉवेल बाहेरच्या थराला वापरा किंवा खोक्याच्या तळाशी घालून वर साधं कापड अंथरा.

चादरीचीही परीक्षा नखानेच करा. नक्षीवरून नख ओढलं आणि धागा उचलला गेला तर ती बाहेरच्या आवरणाला. तिचं वजन आणि ऊब तिथे कामाला येते.

आतल्या थराला सगळ्यांत भरवशाचं कापड म्हणजे वापरून मऊ झालेला सुती पलंगपोस. घट्ट वीण, फुगे नाहीत, पुष्कळदा धुतल्यामुळे आणखी आक्रसत नाही. नवं घ्यायचं तर पॉपलीन किंवा घट्ट विणीचा मांजरपाट. गणवेशाच्या कारखान्यांतून कटिंगच्या चिंध्या भरपूर मिळतात, पण त्यात टेरिकॉट जास्त. तो गुळगुळीत असतो, ओल कमी शोषतो, आणि पिलांच्या बाबतीत गुळगुळीतपणाचा वेगळाच धोका आहे. घरट्यात पायाला पकड मिळाली नाही की वाढत्या पिलाचे पाय दोन्हीकडे फाकतात आणि काही दिवसांत ते तसेच राहू शकतात. म्हणजे कापड खडबडीत हवं, पण फुग्यांचं नको. फ्लॅनेल किंवा जाडसर खादी इथे चांगली. वटवाघळालाही लटकायला पकड लागते. त्याला गुळगुळीत थैली दिली तर ते दमून खाली पडतं.

होजिअरीच्या कापडाला दशा सुटत नाहीत. खारीच्या पिलाच्या आतल्या थैलीला ते छान. फक्त त्याला सुई वेगळी लागते, ते पुढे येतंच.

आधी धुतलं होतं का?

हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारते आणि उत्तर बहुधा "नवंच होतं की" असं येतं. मागावर चढण्याआधी ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ देतात, म्हणजे सायझिंग करतात, ते आपल्या गावात वेगळं सांगायला नको. दुकानातलं कोरं कापड ताठ लागतं त्यात खळीचा मोठा वाटा. खळ असेपर्यंत दशाही सुटत नाहीत, कापड कात्रीखाली कागदासारखं सरळ कापलं जातं, शिवणही सुरेख बसते. पहिल्या धुण्यात खळ जाते, धागे मोकळे होतात, कापड आक्रसतं आणि पॉलिएस्टरचा दोरा मात्र आहे तेवढाच राहतो. मग शिवण चुणते आणि कडेचे धागे एकेक करून बाहेर पडतात.

उपाय सोपा आहे. कापड कापण्याआधी गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा, इस्त्री करा. सुवासिक पावडर आणि सॉफ्टनर टाळा. सॉफ्टनरमुळे कापड पाणी कमी शोषतं आणि तो वास प्राण्याच्या नाकाशी राहतो. धुतल्यावरही ज्या कापडाच्या कडेचे धागे नुसत्या बोटाने ओढून निघतात, ते बाजूला ठेवा.

दोरा आणि टाका

रीळ किती जुनं आहे ते बघा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत, खिडकीशी राहिलेला दोरा कुजल्यासारखा होतो. वीतभर दोरा दोन्ही हातांत धरून झटका द्या. फटकन तुटला तर ते रीळ कच्च्या टाक्यांना ठेवा. पिशवीला स्पन पॉलिएस्टरचा दोरा वापरा. नायलॉनचा पारदर्शक दोरा कधीच नको. त्याचं कापलेलं टोक टोचतं, गाठ धरत नाही आणि सुटला तर कातडी कापतो. संक्रांतीत, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत, नायलॉनच्या मांज्याने पंख चिरलेल्या घारी, बगळे येतात. त्यांना गुंडाळायच्या फडक्यात आपणच नायलॉन घालायचा नाही.

टाका इंचाला दहा ते बारा. त्याहून मोठा टाका नखाखाली जातो. फार बारीक केला तर सुईच्या भोकांनी कापड ओळीत कमजोर होतं आणि तिथूनच फाटतं. सुरुवातीला आणि शेवटी तीन-चार टाके उलटे मारा आणि दोरा कापडालगत कापा. गाठ मारून लांब टोक सोडायची सवय असेल तर ती इथे मोडा.

सुई

सुई बदलणं हा मशीनवरचा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे आणि तरीही लोक आधी टेन्शनचा, म्हणजे दोऱ्याच्या ताणाचा, स्क्रू पिळतात. बोथट सुई कापडाचा धागा बाजूला सारत नाही, तोडते. तुटलेल्या त्या धाग्याचीच पुढे दशी होते. पॉपलीन, पलंगपोसाला १४ नंबर, मांजरपाटाच्या दुहेरी थराला किंवा चादरीला १६. होजिअरीला गोल टोकाची, बॉलपॉइंट सुई लागते. साध्या सुईने जाळी तुटते आणि टाके सुटतात. सुई लावताना तिची लांब खाच ज्या बाजूने दोरा ओवता त्या बाजूला हवी आणि सुई वर टेकेपर्यंत सरकवलेली हवी. एवढ्यानेच अर्ध्या मशीन "बऱ्या" होतात.

काळ्या पायमशीनवर फक्त सरळ टीप येते. होजिअरी त्याच्यावर शिवायची असेल तर कापड किंचित ताणून धरा आणि टाका थोडा बारीक ठेवा. झिगझॅगचं मशीन असेल तर अरुंद झिगझॅग घाला, मग ताण आला तरी शिवण तुटत नाही.

खाली झोल पडतायत

खालचे झोल हे जवळजवळ नेहमी वरच्या दोऱ्याचं दुखणं असतं. दाबफूट खाली असताना दोरा ओवला तर तो टेन्शनच्या चकत्यांच्या मध्ये बसत नाही, वरूनच जातो. फूट वर करा, सगळा दोरा काढा, पुन्हा ओवा. त्यानंतरही झोल असतील तर वरचं टेन्शन थोडं वाढवा. झोल वरच्या बाजूला दिसत असतील तर बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याची डबी, बाहेर काढून दोऱ्याला लटकवा. केस आपोआप घरंगळत खाली आली तर सैल, अलगद झटका दिल्यावर थोडी सरकून थांबली तर ठीक. तिचा स्क्रू पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी फिरवू नका.

मग कापड सरकवणाऱ्या दात्यांखालची आणि शटलमधली (बॉबिन केस बसते तिथली) लव काढा. टॉवेल आणि फ्लॅनेल शिवणाऱ्यांच्या मशीनमध्ये तिथे नमदा साचलेला असतो. त्यात तेल मुरतं आणि दोरा अडकून झोल पडतो. तेल घातल्यावर आधी चिंधीवर भरपूर टिपा मारा. तेलाचा डाग पडलेलं कापड पिलाला देऊ नका. पिसांना तेल लागलं की त्यांचा पाण्यापासून आणि थंडीपासून होणारा बचाव जातो.

शिवणीची रीत बदला

इथवर सगळं ठीक असूनही दशा येत असतील तर कापलेली कड उघडी आहे. इंटरलॉक मारून आणलेली पिशवीही माझ्याकडे परत येते. कड झाकली जाते खरी, पण इंटरलॉकचे दोरे स्वतःच झोलांचे असतात आणि एक तुटला की सगळी साखळी उसवते. ती बाहेरच्या बाजूला असेल तर चालेल, आत नको.

खात्रीची रीत म्हणजे बंद शिवण. माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जास्तीचं कापड, पाच सूत सोडा (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). पहिली टीप दोन सुतावर. मग कडेची माया छाटून एक सूत ठेवा, कापड उलटं करा, शिवण बोटाने चापून धारेवर आणा आणि दुसरी टीप तीन सुतावर मारा. कापलेली कड आत बंद होते. छाटणी नीट झाली नाही तर दुसऱ्या टिपेतून बारीक दशा डोकावतात, त्या दिसल्या की उसवून पुन्हा करा. ही बंद शिवण जिकडे उंचवटा देते ती बाजू पिशवीच्या बाहेर ठेवायची, म्हणजे आत प्राण्याच्या अंगाला फक्त सपाट कापड लागतं.

ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या वणव्यांनंतर कांगारूंच्या पोरक्या पिलांसाठी जगभरातून थैल्या शिवून गेल्या, त्यांची रचना मला फार पटते: आत मऊ सुती थैली, बाहेर जाड थैली, दोन्ही सुट्या. आतली मळली की तेवढीच बदलायची. खारीच्या पिलासाठी मी हेच करते. आत टी-शर्टचं कापड, बाहेर चादर. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असताना बाहेरची काढून टाकायची.

सापाच्या पिशवीला आणखी तीन गोष्टी. तळाचे दोन्ही कोपरे बाहेरून तिरकी टीप मारून बंद करा. त्या त्रिकोणात साप शिरू शकत नाही, म्हणून पिशवी उलटी करताना तिथे धरता येतं. तळाला कापड दुहेरी ठेवा. आणि तोंडाशी वीतभर कापड जास्त सोडा, पिळून गाठ मारायला. कापड सुतीच हवं, हवा खेळली पाहिजे. तरीही घोणस कापडातून दंश करू शकते, त्यामुळे भरलेली पिशवी अंगाला लावून न्यायची नाही आणि उन्हात गाडीला टांगायची तर नाहीच. पिशवीत सापाची कात, विष्ठा राहिली तर गरम पाण्याने धुवा, उन्हात वाळवा. फिनेल आणि डांबरगोळ्या दोन्ही वर्ज्य. फिनेलमधली रसायनं सरपटणाऱ्या प्राण्यांना विषारी असतात.

व्हेल्क्रो लावू नका. त्याच्या आकड्यांत पिसं आणि वटवाघळाच्या पंखाची कातडी अडकते. नाडी लावायची तर बाहेरून, आणि पिलांच्या थैलीला ती नकोच, तोंड नुसतं दुमडा.

इथे थांबा

नवी सुई, नीट ओवलेला दोरा, साफ शटल एवढं करूनही टाके सुटत असतील, सुई पत्र्याला आपटत असेल किंवा दोरा एकाच जागी कापला जात असेल तर सुई आणि शटलचा मेळ बिघडलाय किंवा शटलच्या टोकाला खरचटलंय. मेकॅनिकला बोलवा. स्वतः सुईदांडा सैल करू नका. मशीन दुरुस्त होईपर्यंत हाताने उलट टीप घाला, बारीक आणि सलग. हाताची उलट टीप पिशवीला पुरेशी मजबूत असते.

आणि प्राण्याच्या पायाला दोरा गुंडाळलेला दिसला तर शिवणकाम तिथेच संपतं. दोरा ओढू नका, कात्री घालू नका. सुजलेल्या बोटात धागा आणि कातडी यांतला फरक कळत नाही. कापड पायालगत नव्हे, पिशवीच्या बाजूने, दोन बोटं अंतर ठेवून कापा, म्हणजे प्राणी पिशवीपासून मोकळा होईल. त्याला भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा, पाणी-खाणं देऊ नका आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला किंवा पशुवैद्यकाला लगेच फोन करा. बोट काळं किंवा गार लागत असेल तर ते फोनवर आधी सांगा.

वटवाघळाला उघड्या हाताने धरू नका. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठा. सापाची पिशवी शिवता येते म्हणून साप धरायला जाऊ नका, ते काम प्रशिक्षित सर्पमित्राचं. आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे वन्यप्राणी परवानगीशिवाय घरात ठेवता येत नाही, मग पिलू कितीही गोजिरं असो आणि थैली कितीही मायेने शिवलेली असो. थैली पिलासोबत वन विभागाकडे द्या, तिथे ती लागतेच.